रेडफर्नच्या रस्त्यांवरचा इतिहास

शहराचा इतिहास सांगणाऱ्या पायी फेऱ्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ‘हेरिटेज वॉक’ म्हटले जाते त्या, बहुधा उभ्या वास्तूंच्या आधाराने चालतात. एखादा वाडा, देऊळ किंवा किल्ल्याचा बुरूज समोर असतो आणि मार्गदर्शक त्याच्याकडे बोट दाखवून बोलत राहतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या रेडफर्न या वस्तीत ॲबोरिजिनल लोकांच्या इतिहासाची ओळख करून देणाऱ्या ज्या फेऱ्या निघतात, त्यांना हा आधार फारसा नाही. ज्या घरांविषयी सांगायचे त्यांतील बरीचशी पाडली गेली आहेत, ज्या दुकानांच्या गाळ्यांत मोठ्या संस्था जन्मल्या त्या गाळ्यांत आता दुसरेच व्यवहार चालतात, आणि ज्या समाजाचा हा इतिहास आहे त्याला या शहराने आपल्या इतिहासात दीर्घकाळ जागाच दिली नव्हती. त्यामुळे येथे वास्तूपेक्षा बोलणारी व्यक्ती महत्त्वाची ठरते, आणि ती त्या समाजातली असणे हा या फेऱ्यांचा प्राण आहे.

‘ॲबोरिजिनल’ हा शब्द ऑस्ट्रेलिया खंडाच्या मूळ रहिवाशांसाठी वापरला जातो. मराठीत त्याला ‘आदिवासी’ किंवा ‘मूलनिवासी’ असे प्रतिशब्द दिले जातात, परंतु या दोन्ही शब्दांना भारतीय समाजकारणाचे स्वतःचे अर्थ चिकटलेले असल्यामुळे येथे मूळ शब्दच ठेवलेला बरा. हा एकच एक समाजही नव्हे. या खंडावर किमान पन्नास हजार वर्षे राहत आलेल्या या लोकांच्या अडीचशेच्या आसपास भाषा होत्या आणि प्रत्येक समूहाचा आपापला भूप्रदेश होता. आज सिडनीचा मध्यभाग जेथे आहे तो प्रदेश गॅडिगल या कुळाचा, तर सिडनीच्या किनारपट्टीवरील अशा कुळांना मिळून ‘इओरा’ म्हणण्याची प्रथा आहे. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या आग्नेयेकडील राज्यांतील ॲबोरिजिनल लोक स्वतःला ‘कूरी’ म्हणवतात आणि रेडफर्नच्या फेरीत हा शब्द पावलोपावली कानी पडतो.

२६ जानेवारी १७८८ रोजी ब्रिटिशांच्या कैदी-जहाजांचा पहिला तांडा सिडनीच्या खाडीत विसावला. मराठी वाचकाच्या मनात प्रजासत्ताक दिनाशी जोडलेली ही तारीख ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिवस आहे, पण ॲबोरिजिनल लोकांनी १९३८ मध्ये, त्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, सिडनीतच सभा भरवून तो ‘शोकदिन’ म्हणून पाळला आणि आजही अनेक जण त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. वसाहत होऊन सव्वा वर्ष उलटते न उलटते तोच, १७८९ मध्ये, देवीची साथ पसरली आणि सिडनीच्या परिसरातील जवळजवळ निम्मे मूळ रहिवासी तिला बळी पडले, असे खुद्द तत्कालीन गव्हर्नर फिलिप यांनी लिहून ठेवले. पुढे १८१७ मध्ये विल्यम रेडफर्न या शस्त्रवैद्याला शंभर एकर जमीन बहाल झाली आणि त्याचेच नाव वस्तीला चिकटले. नौदलातील बंडात सामील झाल्याबद्दल हा मनुष्य स्वतः कैदी म्हणून या देशात आणला गेला होता. शिक्षा भोगायला आलेल्या माणसालाही जमीन मिळत होती, आणि ती ज्यांची होती त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, किनाऱ्यावरून अशा रीतीने हटवलेले लोक विसाव्या शतकात शहराच्या मधोमध पुन्हा कसे दिसू लागले. १८८३ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये ‘ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड’ स्थापन झाले. नाव संरक्षणाचे असले तरी १९०९ च्या कायद्याने आणि १९१५ च्या दुरुस्तीने या बोर्डाला असे अधिकार मिळाले की, लोकांनी कोठे राहावे हे ते ठरवू लागले आणि न्यायालयात न जाता मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत नेऊन ठेवू लागले. या मुलांच्या पिढ्यांना पुढे ‘हिरावलेल्या पिढ्या’ असे नाव पडले. ॲबोरिजिनल लोकांसाठी ठेवलेल्या राखीव वस्त्यांवरील ही देखरेख, शेतीतील आटणारी मजुरी आणि मुले गमावण्याची धास्ती यांना कंटाळून कुटुंबे शहराकडे निघाली. त्यांना रेडफर्न जवळचे वाटले याचे कारण सरळ होते: गावाकडून येणारी आगगाडी येथेच पोचत होती, भाडी परवडणारी होती, आणि १८८७ पासून चालू असलेल्या ईव्हली रेल्वे कारखान्यात व भोवतालच्या छोट्यामोठ्या कारखान्यांत हाताला काम मिळत होते. आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला निवारा द्यायचा, ही गिरणगावच्या गाळ्यांत मराठी माणसाने पुरेपूर अनुभवलेली रीत रेडफर्नलाही चालू होती. १९६० च्या दशकापर्यंत तेथे हजारो कूरी लोक राहत होते.

रेडफर्नची फेरी रेल्वे स्थानकापासून सुरू करणे म्हणूनच सर्वांत सयुक्तिक ठरते. स्थानकाबाहेर पुलाच्या लांब भिंतीवर १९८३ मध्ये रंगवलेले भित्तिचित्र आहे. चित्रकार कॅरोल रफ यांनी स्थानिक कूरी लोकांना सोबत घेऊन काढलेल्या या चित्रात चाळीस हजार वर्षांचा प्रवास दाखवला आहे. ऊनपावसाने ते इतके विटले होते की पाहणाऱ्याला आकृतीही धड ओळखू येत नव्हत्या. २०१८ मध्ये ते पुन्हा रंगवून पूर्ववत करण्यात आले. कूरी कुटुंबे शहरात जेथे उतरली त्या जागीच त्यांचा इतिहास भिंतीवर मांडला जावा, यात मोठे औचित्य आहे, आणि ज्याच्यापाशी फेरीसाठी वेळ नाही त्याने निदान ही भिंत तरी चालत पाहावी.

स्थानकापासून दोन मिनिटांच्या अंतरावर ईव्हली, लुई, कॅरोलाइन आणि व्हाइन या रस्त्यांच्या मधला चौकोन लागतो. त्याला सारे जण ‘द ब्लॉक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात येथे कामगारांसाठी टेरेस घरे बांधली गेली होती. मराठी कानाला ‘टेरेस’ म्हटले की गच्ची आठवते, पण येथे त्याचा अर्थ एकमेकांना खेटून, सामाईक भिंतींनी जोडलेली अरुंद घरांची रांग असा आहे. १९७० च्या सुमारास जागामालक ही घरे रिकामी करून घेऊ लागले आणि जुन्या भाडेकरूंना रस्त्यावर यावे लागले. १९७२ मध्ये लुई स्ट्रीटवरील रिकाम्या घरांत बेघर कूरी लोकांनी मुक्काम ठोकला तेव्हा पोलिसांनी त्यांना अटक केली. त्या वेळी कॅथलिक धर्मगुरूंनी काहींना आसरा दिला, आणि बांधकाम कामगारांच्या युनियनने तेथील कामावर बहिष्कार घालून मालकाची योजनाच रोखून धरली. बॉब बेलियर आणि त्यांच्या पत्नी के बेलियर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यामुळे १९७३ मध्ये केंद्रातील व्हिटलॅम सरकारने अनुदान दिले, ‘ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनी’ उभी राहिली आणि तिने एकेक करून ही घरे विकत घेतली. शहराच्या मधोमध ॲबोरिजिनल लोकांची स्वतःच्या मालकीची वस्ती असणे ही त्या देशात अभूतपूर्व गोष्ट होती. बॉब बेलियर पुढे कायदा शिकले आणि १९९६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या जिल्हा न्यायालयावर नेमले गेले. त्या देशातील ते पहिले ॲबोरिजिनल न्यायाधीश.

ती घरे आज नाहीत. १९९० च्या दशकात हेरॉइनने वस्तीला विळखा घातला, घरे मोडकळीस आली, आणि शेवटची रांगही २०११ पर्यंत जमीनदोस्त झाली. मोकळ्या झालेल्या जागेवर काय बांधायचे यावरून समाजातच तीव्र मतभेद झाले. आधी आपल्या कुटुंबांची घरे झाली पाहिजेत, या मागणीसाठी २०१४ मध्ये जेनी मन्रो यांच्या नेतृत्वाखाली मैदानावर तंबू ठोकले गेले आणि ते एक वर्षाहून अधिक काळ हलले नाहीत. सरतेशेवटी परवडणाऱ्या भाड्याच्या ६२ घरांची तजवीज झाली, आणि त्यांच्या शेजारी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा चोवीस मजली मनोराही उभा राहिला. ब्रिटिशांशी बारा वर्षे झुंजलेला आणि १८०२ मध्ये मारला गेलेला लढवय्या पेमलवॉय याचे नाव या संपूर्ण प्रकल्पाला दिलेले आहे. मनोऱ्याच्या सावलीत उभे राहून तंबूंची हकीकत ऐकताना हा व्यवहार योग्य झाला की नाही, याचा निवाडा मार्गदर्शक देईलच असे नाही, कारण वस्तीतल्या वस्तीतही त्यावर एकमत नाही. जवळच कॅरोलाइन आणि ह्यूगो रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक जुने टेरेस घर मात्र टिकून आहे. रेको रेनी या कलावंताने २०१३ मध्ये वस्तीतील तरुणांना हाताशी धरून ते भडक पट्ट्यांनी रंगवले आणि त्यावर रेडफर्नमध्ये स्वागत असल्याचे मोठ्या अक्षरांत लिहिले.

येथून रीजंट स्ट्रीटकडे वळले की फेरीचा सर्वांत भरीव भाग सुरू होतो. १९६० च्या दशकाअखेरीस या रस्त्यावरचे एम्प्रेस हॉटेल हे कूरी लोकांचे भेटण्याचे ठिकाण होते. त्या देशात ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा मद्यगृह असते. त्याच्या दाराशी पोलिसांच्या गाड्या रांगेने उभ्या राहायच्या आणि रात्री ठरावीक वेळेनंतर रस्त्यावर दिसणाऱ्या कूरी माणसाला किरकोळ आरोपाखाली आत टाकले जायचे. कायद्यात कोठेही नसलेली ही संचारबंदीच होती. पॉल को, गॅरी विल्यम्स, गॅरी फोली हे तेव्हाचे विशीतले तरुण. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाने ओकलंड शहरात पोलिसांवर कशी पाळत ठेवली होती, हे त्यांनी वाचले होते, आणि त्याच धर्तीवर त्यांनी हॉटेलपाशी उभे राहून कोणाला, कोणत्या पोलिसाने, कशासाठी पकडले याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. ही टिपणे घेऊन पॉल को न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या विधी शाखेचे प्रमुख हॅल वुटन यांच्याकडे गेले, वकिलांनी विनामूल्य काम करण्याची तयारी दाखवली, आणि १९७० मध्ये रीजंट स्ट्रीटवरील एका दुकानाच्या गाळ्यात ‘ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस’ सुरू झाली. वस्तीतल्या गाळ्यातून चालणारी अशी फुकट वकिली सेवा त्या देशात ही पहिलीच होती.

महाराष्ट्राशी या वस्तीचा एक खरा धागा येथे सापडतो. त्याच अमेरिकी ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली, आणि ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्या वर्षीच्या जानेवारीत रेडफर्नमधून चार तरुण मोटारीने राजधानी कॅनबेराला गेले आणि आपल्याच देशात आपण परके ठरलो आहोत हे दाखवण्यासाठी संसदेसमोरच्या हिरवळीवर त्यांनी समुद्रकिनारी लावतात तसली एक छत्री रोवली. तिच्यातूनच प्रसिद्ध ‘तंबू वकिलात’ जन्मली. मुंबई आणि सिडनी येथील या तरुणांची एकमेकांशी ओळख नव्हती. तरीही पोलिसी जुलमाचा हिशेब ठेवणे, स्वतःच्या संस्था स्वतः उभारणे आणि त्यासाठी कोणाच्या दयेची वाट न पाहणे, या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे सारख्या होत्या, आणि पँथरच्या चळवळीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला रीजंट स्ट्रीट मुळीच अनोळखी वाटणार नाही.

वकिली मदतीपाठोपाठ १९७१ मध्ये त्याच रस्त्यावर ‘ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस’ हा दवाखाना निघाला. गॉर्डन ब्रिस्को यांच्यासारखे कार्यकर्ते आणि नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्यासारखे डॉक्टर त्यात होते. सरकारी इस्पितळांत अपमान वाट्याला येत असल्याने आजारी माणूसही तेथे जायला धजत नव्हता, हे या दवाखान्यामागचे मुख्य कारण. दवाखान्याने औषधांबरोबर भाजीपाला आणि फळेही घरोघर पोचवली, कारण मुलांचे अनेक आजार अपुऱ्या पोषणाचे आहेत, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. समाजाने स्वतः चालवलेल्या अशा आरोग्यसंस्था आज ऑस्ट्रेलियाभर १४० हून अधिक आहेत आणि त्यांची गंगोत्री हा रेडफर्नचा गाळा आहे.

या साऱ्या संस्थांच्या उभारणीत सतत दिसणारे नाव शर्ली स्मिथ यांचे. त्यांचा भाऊ तुरुंगात होता. त्याला भेटायला जाता जाता ज्यांना कोणीच भेटायला येत नाही अशा कैद्यांनाही त्या भेटू लागल्या. पहारेकऱ्याने कैद्याशी नाते विचारले की त्या आपण त्याची आई असल्याचे सांगत, आणि असे इतक्या कैद्यांच्या बाबतीत झाले की ‘मम शर्ल’, म्हणजे शर्ली आई, हेच त्यांचे नाव झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण आपल्या लोकांच्या अनेक भाषा येत होत्या. घरातून पळालेली, संस्थांतून सुटलेली, कोणाचीच नसलेली कित्येक मुले त्यांच्या दारात वाढली. १९९८ मध्ये त्या वारल्या. रेडफर्नच्या फेरीत त्यांच्याविषयी बोलताना मार्गदर्शकाचा आवाज बदलत असेल तर त्याचे नवल वाटू नये, कारण वस्तीत आज साठीत असलेल्या अनेकांनी त्यांच्या हातचे अन्न खाल्लेले आहे.

कोप स्ट्रीटवर १९७० च्या दशकात ‘नॅशनल ब्लॅक थिएटर’ होते. तेथे ॲबोरिजिनल नट, लेखक आणि नर्तकांनी आपल्या प्रश्नांवरची नाटके स्वतः लिहून स्वतः केली. पैशाअभावी ते १९७७ मध्ये बंद पडले, परंतु त्याच जागी आता उभ्या असलेल्या इमारतीतून कूरी रेडिओचे प्रसारण होते. पुढे रेडफर्न पार्क लागते. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी या उद्यानात उभे राहून, जमिनी घेणारे, मुले हिरावणारे आणि जुनी जीवनरीत मोडणारे आपणच, म्हणजे ॲबोरिजिनल नसलेले ऑस्ट्रेलियन, होतो, अशी कबुली दिली. अशा शब्दांत बोलणारे ते पहिले पंतप्रधान होते. त्याच्या सहा महिने आधी, ३ जून १९९२ रोजी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात, ब्रिटिश आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती हा दोनशे वर्षे चालत आलेला सिद्धांत फेटाळला होता.

फेरीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. आरंभी मार्गदर्शक त्या भूमीचे मूळ धनी गॅडिगल यांचे स्मरण करतो. या स्मरणाला ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ म्हणतात आणि ते कोणीही करू शकतो. ‘वेलकम टू कंट्री’ म्हणजे स्वागत मात्र त्या भूमीच्या कुळातील व्यक्तीनेच करायचे असते. येथे ‘कंट्री’ म्हणजे देश किंवा मालमत्ता नव्हे, तर जमीन, पाणी, प्राणी, पूर्वज आणि त्यांच्याविषयीची कर्तव्ये या सर्वांचे मिळून झालेले नाते. त्यानंतर मार्गदर्शक आपले ‘मॉब’ सांगतो, म्हणजे आपण कोणत्या लोकांतले आणि कोठले. मराठी माणूस ओळख होताच गाव कोणते हे विचारतो, तसेच हे. वडीलधाऱ्यांना ‘आंटी’ आणि ‘अंकल’ असे संबोधले जाते, पण ते केवळ वय झाले म्हणून मिळत नाही. समाजाने दिलेला तो मान आहे. अनेक समूहांत मृत व्यक्तीचे नाव किंवा छायाचित्र समोर आणणे टाळतात, म्हणून त्याची पूर्वसूचना दिली जाते, आणि कोणाची गोष्ट कोणी सांगायची यालाही नियम असतात.

हे नियम कळले की या फेऱ्यांवर घेतला जाणारा एक रास्त आक्षेपही नीट तपासता येतो. गरिबी हा प्रेक्षणीय विषय करून पैसे मिळवणे वाईटच, आणि धारावीतील सहलींमुळे हा वाद मराठी वाचकाला परिचित आहे. रेडफर्नचे चित्र तर वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे दारू, सुया आणि दंगल एवढेच रंगवले. फेब्रुवारी २००४ मध्ये सतरा वर्षांचा एक कूरी मुलगा सायकलवरून कुंपणावर आदळून मरण पावला. पोलीस पाठलाग करत होते असे कुटुंबाचे म्हणणे होते, चौकशीत पोलिसांना दोषमुक्त केले गेले, आणि त्या मृत्यूच्या संतापातून उसळलेल्या रात्रीची दृश्ये जगभर दाखवली गेली. ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्येच ३३९ शिफारशी केल्या होत्या, ही पार्श्वभूमी त्या दृश्यांसोबत क्वचितच सांगितली गेली. फेरीचा फरक येथेच पडतो. बाहेरचा माणूस काचेआडून वस्ती दाखवतो तेव्हा वस्ती पाहण्याची वस्तू होते. त्याच गल्लीत वाढलेली व्यक्ती बोलते तेव्हा काय सांगायचे आणि काय स्वतःपाशी ठेवायचे हे वस्ती ठरवते, आणि फेरीचा मोबदलाही वस्तीत राहतो. मार्गदर्शक समाजातला नसेल, तर अशा फेरीला जाऊ नये.

आज रेडफर्नमध्ये घरांच्या किमती गगनाला भिडल्या आहेत, जुनी कुटुंबे दूरच्या उपनगरांत गेली आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण दवाखान्यासाठी, सभेसाठी, फुटबॉलच्या सामन्यासाठी अजूनही येथेच येतात. सिडनी महापालिकेने शहरातील ॲबोरिजिनल स्थळांची माहिती व पायी मार्ग प्रसिद्ध केले आहेत, त्यामुळे स्वतःच्या पायांनीही ही वस्ती पाहता येते. पण आवाज ऐकायचा तर सोबत माणूस हवा.

सिडनीत आणि विशेषतः पॅरामाटाच्या परिसरात आता मोठ्या संख्येने मराठी कुटुंबे राहतात. पॅरामाटा हे नावही तेथील बरामाटगल कुळाच्या नावातून आले आहे, आणि त्याचा संबंध नदीतल्या वाम माशांशी आहे. मुलांकडे आलेले आईवडील ऑपेरा हाउस पाहतात, ब्लू माउंटन्स पाहतात आणि परततात. त्यांनी एक सकाळ रेडफर्नसाठी राखून ठेवावी. सेंट्रल या मुख्य स्थानकाहून पॅरामाटाच्या दिशेने गाडीने निघाले की ते पहिलेच स्थानक आहे.